जामीनदाराच्या चहातली साखर

१ तारीख, सकाळी ६.४०
गेल्या वर्षीची कोरी डायरी सापडली. नवीन घेतली नाही. बचत इथूनच सुरू. वार सगळे चुकीचे आहेत, पण तारखा बरोबर.

परिस्थिती एकदा लिहून काढतो, म्हणजे डोकं थंड राहतं. दोन वर्षांपूर्वी कारखान्याच्या पतपेढीतून कर्ज काढून एम्ब्रॉयडरीचं मशीन घेतलं. वय त्रेपन्न, उद्या नोकरी सुटली तर स्वतःचा धंदा हवा, ही दूरदृष्टी. ऑर्डरी यायच्या आहेत. तोवर मशीन बाहेरच्या खोलीत चादरीखाली आहे आणि चादरीवर इस्त्रीचे कपडे. तीन हप्ते थकलेत. चौथा ३१ ला. तोही चुकला तर पतपेढी सगळे छत्तीस हजार जामीनदाराच्या पैशातून कापणार. जामीनदार म्हणजे आमचा स्टोअरकीपर. कमरेला किल्ल्यांचा जुडगा असतो म्हणून सगळे त्याला किल्लीदार म्हणतात. तो नेमका ३१ लाच रिटायर होतोय.

म्हणजे पूर्ण महिना हातात आहे. मी वीस वर्षं कटिंग मास्तर. कापडातून कापड वाचवणं हा माझ्या हातचा मळ. घरखर्च काय वेगळा असतो?

आजपासून साखर बंद, बस बंद, न्हावी बंद.

बायकोला यादी वाचून दाखवली. मशीन विका, म्हणाली. यादीत तो मुद्दाच नव्हता.

३ तारीख
चार किलोमीटर चालत कामावर. अंगात तरतरी. दहा वाजता किल्लीदाराच्या स्टोअरात चहा, दोन चमचे साखर घालून. चहा त्याचा, साखर त्याची. आपल्या खर्चात धरत नाही.

हप्त्यांचं त्याने काही विचारलं नाही. वहिनींसाठी कानाचं मशीन घ्यायचंय, एवढंच म्हणाला. चार वर्षं झाली, त्यांना काहीच ऐकू येत नाही. कामावर होतो तोवर निभलं, आता दिवसभर दोघंच घरात, चार शब्द बोलायला नकोत का, म्हणाला. दोन्ही कानांचं मिळून पस्तीस हजार. रिटायरमेंटचे पैसे आले की पहिलं काम ते. मी म्हटलं, घेच. चांगल्यातलं घे.

नंतर बसल्या जागी घाम फुटला. स्टोअरात पंखा नाही.

६ तारीख
केस कापायचं मशीन घेतलं. खर्च एकदाच, न्हावी जन्मभर सुटला. शिवाय घाऊक दुकानातून चाळीस किलो कपडे धुण्याची पावडर. किलोमागे अकरा वाचले, म्हणजे चारशे चाळीस. बायकोने विचारलं, आणि गेले किती? हिला हिशोबाची एकच बाजू दिसते.

पावडर एम्ब्रॉयडरीच्या मशीनखाली बसली. मशीनचा काहीतरी उपयोग आहेच.

७ तारीख
केस कापले. उजवी बाजू उत्तम.

८ तारीख
न्हाव्याकडे गेलो. डावी बाजू दुरुस्त करायचे त्याने दुप्पट घेतले. आतापासून टोपी.

१० तारीख
कोपऱ्यावरच्या शिवणवाल्या बाई मशीन बघायला आल्या. बोलावलं कोणी, ते मी विचारलं नाही. बायको दारातच उभी होती. बाईंनी नव्वद हजार सांगितले. अडीच लाखांचं मशीन. मी एक चाळीसच्या खाली येत नाही म्हटलं. वीस तारखेपर्यंत थांबते, म्हणाल्या आणि गेल्या.

नव्वदात सगळे थकलेले हप्ते फिटून वर उरतात, असं बायको म्हणाली. बरोबर आहे तिचं. पण मग माझ्या धंद्याचं काय? हे तिला समजावलं. तिने बिनसाखरेचा चहा समोर आदळला.

१३ तारीख
सुटलो. कारखान्यात बक्षिसाची योजना आहे: जितकं कापड वाचवाल त्याच्या निम्मी किंमत तुमची. हॉस्पिटलच्या बारा हजार पँटींची ऑर्डर आलीय. पँटीचे तुकडे कापडावर धाग्याच्या सरळ रेषेत मांडायचे असतात. मी जरासे तिरके मांडले. एकमेकांत असे बसले की बघत राहावं. चार टक्के कापड वाचलं. बक्षीस चाळीस हजारांच्या पुढे. मॅनेजरने पाठ थोपटली.

कापड काढून देताना किल्लीदार मांडणीकडे बघत राहिला. धुतल्यावर पाय पिळणार नाहीत ना, असं हळूच म्हणाला. तो स्टोअरचा माणूस. त्याला कटिंगमधलं काय कळतं?

१५ तारीख
चालून चालून बुटाचा तळवा फाटला. चांभाराचा खर्च बसच्या महिन्याभराच्या भाड्याइतका. बस पुन्हा चालू. बक्षीस येणारच आहे.

शिवणवाल्या बाईंना फोन करून कळवलं, मशीन विकायचं नाही. बायको तेव्हापासून बोलत नाहीये. घरात शांतता आहे, वाचन होतं.

१९ तारीख
स्टोअरात चहा. कानाच्या मशीनचं माप देऊन आलो, किल्लीदार म्हणाला. कानात घालून बघताना वहिनींना त्याचा आवाज ऐकू आला. तुमचा आवाज म्हातारा झाला की हो, म्हणाल्या. हे सांगताना तो इतका हसला की त्याला खोकला लागला. मीही हसलो. हप्त्यांचं सांगणार होतो, पण एवढ्या आनंदात कशाला.

२४ तारीख
पँटींचा पहिला लॉट परत आला. एका धुण्यात सगळे पाय पिळले. बाजूची शिवण फिरून नडगीवर आली. एक नर्स म्हणे वॉर्डात सरळ चालत होती आणि पँट उजवीकडे वळत होती. मॅनेजरने बोलावलं. मी म्हटलं, त्यांच्या लाँड्रीचं पाणी फार गरम असणार. किती वर्षं मास्तर आहात, त्याने विचारलं.

बक्षीस रद्द. माझा अर्धा पगार कापणार. हेही एका अर्थी कटिंगच.

नाही, हे लिहून हसू आलं नाही. भीती वाटतेय.

२६ तारीख
शिवणवाल्या बाईंना फोन केला. नव्वदाला देतो म्हटलं. त्यांनी एकवीस तारखेला दुसरीकडून घेतलं. सत्तर म्हटलं. जागाच नाही हो, म्हणाल्या. पन्नास म्हणायच्या आत त्यांनी फोन ठेवला.

भंगारवाला वजनावर अकरा हजार देतो. त्याच्याशी भांडलो. मग भांडून काय उपयोग म्हणून पुन्हा हाक मारली, तर गाडी पुढे गेली होती.

२९ तारीख
किल्लीदाराला आज सांगायचंच, असं ठरवून स्टोअरात गेलो. तो किल्ल्यांना नंबराच्या चिठ्ठ्या बांधत होता, नवीन माणसाला सोपं जावं म्हणून. मीही चार बांधल्या. चहा घेतला. आलो.

३१ तारीख
निरोपसमारंभ. मीच भाषण केलं. माणूस सोन्यासारखा, वगैरे. टाळ्या पडल्या. त्याने जुडगा मॅनेजरच्या हातात दिला आणि परत जागेवर जाताना त्याच्या चालण्याचा आवाजच आला नाही. मग हिशोबाचं पाकीट मिळालं. त्याने उघडलं, कागद वाचला, पुन्हा पहिल्यापासून वाचला, घडी करून खिशात ठेवला.

जाताना माझ्याजवळ थांबला. टोपी काढ आता, केस आलेत बरे, म्हणाला. आणि गेला. शिवी दिली असती तर मी उत्तर तयार ठेवलं होतं.

महिन्याची एकूण बचत काढली. साखर आणि बस मिळून दोनशे दहा.

३ तारीख, संध्याकाळी ७
बायको एकोणीस दिवसांनी बोलली. तुम्ही जाता की मी जाऊ, म्हणाली. मी गेलो.

किल्लीदार घरी नव्हता. एका गोदामावर पहारेकरी म्हणून लागला, कालपासून. हे वहिनींनी सांगितलं, हसून, नेहमीसारखं जरा मोठ्याने. कानांत काही नव्हतं. बसा, म्हणाल्या. मी बसलो नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं. मशीन, हप्ते, नव्वद हजार नाकारले ते, तिरकी मांडणी. कानाच्या मशीनचं मला गेल्या महिन्याच्या तीन तारखेपासून माहीत होतं, हेसुद्धा. चूक माझी, पै न् पै फेडीन, म्हटलं. लाँड्रीचं पाणी मध्ये आणलं नाही. इतकं सरळ मी कधी कोणाशी बोललो नव्हतो. आवाज चढला, डोळे भरून आले. वहिनी माझ्या तोंडाकडे बघत मान डोलवत होत्या. मग आत जाऊन चहा घेऊन आल्या.

घरी आलो. बायकोने विचारलं, सांगितलंत?
सांगितलं म्हटलं. सगळं.
मग काय म्हणाल्या वहिनी?
दोन चमचे घातलीय, पुरे ना, म्हणाल्या.