चार नंबर नेमका कोणता

सोम. १० नोव्हें.
प्राचार्यांनी आज शेवटचं सांगितलं. शनिवारपर्यंत क्लस्टर (आठ जुने कॉम्प्युटर जोडून एकच काम) नीट चालला तर ठीक, नाहीतर लॅबची किल्ली ऑफिसात आणि आठही भंगारात. सुनंदाताईंचे (वनस्पतिशास्त्र) बोंडअळीचे हजारो फोटो यावरच छाटायचे आहेत, किडकी बोंडं वेगळी, चांगली वेगळी; एकट्या मशीनचं ते काम नाही.
तरी मी खूश. आठही डबे अगदी रिकामे केलेत. डिस्क नाही, स्क्रीन नाही, नावसुद्धा नाही. सुरू झाले की मुख्य मशीनकडून सगळं मागून घेतात. जो आधी मागेल तो एक नंबर. सेटिंगची फाइल जवळजवळ कोरी. कोऱ्या फाइलीत चूक कुठून येणार? सीडीचे ट्रे तेवढे काढायचे राहिले, स्क्रू गंजलेत.
दुपारी चार नंबर गप्प झाला.

मंगळ. ११
डावीकडून चौथा डबा उघडला, मेमरी पुसून बसवली. मध्येच लाइन गेली, आली. चार नंबर छान चालला. दुपारी सहा नंबर गप्प.
सुनंदाताई म्हणाल्या, "काहून वं, बिमारी एकाची दुसऱ्याले लागून राह्यली काय?"
मी हसले. पण मनात तेच. तारेतून काही पसरतंय का?

गुरु. १३
काल सहावा डबा पुसला. आज लाइन जाऊन आल्यावर दोन नंबर गप्प. चिडले. मग वाटलं, हा दोन नंबर म्हणजे डावीकडून दुसरा, हे मला सांगितलं कोणी?
स्क्रीन नाही, विचारणार कसं? ट्रे!
सगळे बंद करून पुन्हा सुरू केले. काम द्यायच्या आधी एकेका नंबरला ट्रे उघड म्हटलं. एक म्हटलं तर मधल्या एकाने जीभ काढली. चार म्हटलं तर दाराजवळच्याने. सात म्हटलं तर खिडकीजवळच्या शेवटच्याने. दुपारी गप्प झाला तो सातच. पुन्हा सगळं तसंच केलं. या वेळी पाच. डबा तोच, खिडकीजवळचा.
लाइन आली की कोण आधी जागा होईल याचा नेम नाही, म्हणून नंबर दर वेळी वेगळे. मी इतके दिवस धडधाकट डबे उघडत बसले. कमाल आहे माझी.

शुक्र. १४
नावं द्यावीच लागली. प्रत्येकाच्या नेटवर्क कार्डचा कधी न बदलणारा नंबर आणि पुढे नाव, अशा आठ ओळी त्या कोऱ्या फाइलीत. जिवावर आलं. नावं गावांची: नेर, उमरखेड वगैरे. खिडकीजवळच्याला ताईंनी स्वतःचं गाव दिलं, मुकुटबन. दुपारी तो गप्प झाल्यावर म्हणाल्या, "माह्यंच गाव बिमार निघालं न वं."
आता त्यांना सगळंच हवंय. कोण किती तापला, कोणी किती फोटो छाटले, सगळं फाइलीत घाल म्हणतात. पण थांबायचं कुठं? कोरं ठेवलं तर मी आंधळी. भरत गेले तर आठ वेगळे संसार सांभाळायचे. एकट्या मुकुटबनसाठी तापमानाची एक ओळ लिहिली. खोडली. ती ठेवली तर मग आठ एकसारखे कसले?
ऊन त्याच्यावरच येतं का दुपारी? की आतला पंखा अडकलाय?

शनि. १५
किल्ली सरांना द्यायला सकाळीच काढून टेबलावर ठेवली.
दुपारी प्राचार्य सर आले तेव्हा आठांतले सात चालू, फोटो निम्म्याच्या वर छाटून झालेले. ते फोटोंकडे बघेनात. "मार्चमध्ये तुमचं कॉन्ट्रॅक्ट संपते म्याडम. मंग हे कोण पाहीन?"
मुख्य मशीनसमोरची खुर्ची पुढे सरकवली. म्हटलं, "सर, तुम्हीच बसून बघा."
बसले. नेर टाइप केलं, दाराजवळचा ट्रे उघडला. उठून हातानं आत ढकलला, परत बसले. उमरखेड. मग एकेक करून बाकीचे. मुकुटबनचा उघडला नाही.
"याले काय झालं?"
"तेच शोधते आहे सर."
खिडकीपाशी जाऊन त्यांनी डब्यावर हात ठेवला, खिडकीतल्या उन्हाकडे बघितलं. मग गेले.
किल्ली टेबलावरच. विसरले की मुद्दाम ठेवली, माहीत नाही. मी मुकुटबन उघडायला स्क्रू ड्रायव्हर शोधते आहे.