लेकराची सावड

प्रिय छबु,

जय भीम. तुझा रामराम इथूनच घेतला असं समज.

हातात फोन असताना ही मनकर्णा पत्र कावून लिहिती, असं तुझ्या मनात येणारच. अगं, फोनवर तू कुणाला बोलू देतेस? मी ‘हॅलो’ म्हणते आणि तू ‘सरक गं बये तिकडं’ म्हणतेस. ते मला म्हणालीस की छावणीतल्या गाईला, हे कळेपर्यंत फोन बंद. शिवाय आणखी एक कारण आहे, ते शेवटी सांगते, आधी शेवट वाचू नकोस. आमच्या शेजारचा शहादेव उद्या संध्याकाळच्या एसटीनं चौसाळ्याला निघालाय, त्याच्या हाती हे देते. अक्षर वाकडं आलंय कारण मांडीवर एक जण झोपलंय. हललं की उठेल.

तुझ्या छावणीचं सगळं कळतं मला. शहादेवच्या घरी गावाकडचे फोन येतात, आणि त्याची बायको मला बातम्या देते. तुमची बायांची दूध संस्था निघाली तेव्हा गावातले पुरुष पारावर बसून हसले होते, आठवतं? आता या दुष्काळात त्याच संस्थेनं छावणी चालवली, आणि हसणाऱ्या सर्जेरावांचीच बैलं तुझ्या दावणीला उभी आहेत. चेअरमनबाई, लई बरं वाटलं ऐकून. तू दोन दिवस हललीस तर चाऱ्याची गाडी हलत नाही आणि पाण्याचा टँकर भलतीकडं जातो, हे सुद्धा कळलं. म्हणून म्हणते, तू जिथं आहेस तिथंच राहा.

टँकर म्हटलं की मला आपला पाझर तलाव आठवतो. ते पण असंच दुष्काळाचं साल. तलाव खोदायचं रोजगार हमीचं काम निघालं आणि सगळं गाव एका खड्ड्यात उतरलं. आपली दहा-बारा जणींची टोळी, वर राधाकिशन मुकादम. लिंबाखाली लेकरांचा पाळणा, आणि तिथं लेकरं सांभाळायला जाईबाई. तिचा आवाज असा की बांधावरचं कुत्रं पण बसून घ्यायचं. तेव्हाच ती सर्दी-तापाची साथ आली. आपल्या टोळीतल्या भिवराबाईनं पोराला सकाळी तापाचं गोड औषध पाजलं, अंग गार लागलं तसं पाळण्यात आणून ठेवलं आणि आली पाटी उचलायला. दुपारी पोरगं फणफणलं. पुढच्या चार-सहा दिवसांत अर्धा पाळणा खोकायला लागला. भिवराबाईला तरी काय बोलणार? घरी बसलं तर टोळीतली जागा जाणार, आणि जागेसाठी बांधावर बाया ताटकळत उभ्याच होत्या.

मग जाईबाईनं कायदा काढला. औषध न देता अख्खा दिवस आणि अख्खी रात्र अंग गार राहिलं पाहिजे, लेकरानं चार घास खाल्ले पाहिजेत, खेळलं पाहिजे, तरच पाळण्यात घेणार. दवाखान्याच्या नर्सबाईनं तिला तसंच सांगितलं होतं. बाया भांडायला गेल्या तर म्हणाली, “चूल झाकली म्हणून इझत न्हाई. औषधाचा गारवा मला दावू नका.” सगळ्यांनी तिला लाखोली वाहिली, त्यात मी पुढं होते, कारण दुसऱ्याच दिवशी माझा भारत तापला. दीड वर्षाचं पोर, छाती नुसती घरघरत होती. त्याचा बाप तेव्हा कामाच्या शोधात पुण्याला गेलता आणि सासू कधीच वारलेली. मी भारतला पदरात गुंडाळून लिंबाखाली उभी, जाईबाई घेईना, आणि राधाकिशन वरून हाका मारतोय की येतेस का दुसरी घालू.

तू खड्ड्यातून वर आलीस. तेव्हा आपली फार ओळखही नव्हती, तू मळ्यातली, मी वस्तीवरची. डोक्यावरची चुंबळ काढून घाम पुसत तू राधाकिशनला म्हणालीस, “पेरणीला सावड असती, खुरपणीला असती. लेकराची कावून नको? हिच्या वाटची माती मी टाकते. माप भरलं म्हंजी झालं ना तुमचं?” तो डोकं खाजवत ‘बरं’ म्हणाला. मलाच खरं वाटेना. सावड म्हणजे शेतवाल्यांची गोष्ट, आज तुझे बैल माझ्या रानात, उद्या माझे तुझ्या. आमच्याकडं ना रान ना बैल, आमच्या वस्तीशी कोण कशाला सावड धरील? आणि तू ती भर उन्हात सगळ्यांसमोर धरलीस.

भारत पूर्ण बरा होईपर्यंत मी घरी राहिले. रोज संध्याकाळी तू दारावरून जाताना भारतच्या कपाळाला हात लावायचीस आणि ‘उद्या पण न्हाई यायचं’ म्हणून दटावायचीस. तुझे तळवे सोलून निघाले होते. मी ते पाहत होते, पण तू हात लुगड्यात लपवायचीस. तुझं बघून मग टोळीतल्या सगळ्याच एकमेकींची माती टाकायला लागल्या. ज्या लेकराला ताप, त्याची आई घरी. पाळण्यातला खोकला निवत गेला. जाईबाईला शिव्या देणाऱ्या भिवराबाईनंच पुढं तिच्या कायद्याची राखण केली, हा तर तमाशाच होता.

कामावर परत आले तेव्हा मी तुला म्हणाले की तुझी सावड मी फेडीन. सावड तशीच्या तशी फेडायची असते, बैलाला बैल, हाताला हात. तू हसलीस. तुझ्या लग्नाला तेव्हा सात-आठ वर्षं झाली होती. मोहनरावांसाठी दुसरी बायको बघायला तुझ्या सासूनं माणसं पाठवली होती, आणि काही बाया आपलं लेकरू तुझ्या कडेवर द्यायला कचरायच्या. तू पाटी उचलता उचलता एवढंच म्हणालीस, “माझ्या घरी कोन आजारी पडनार हाय, मने? ऱ्हाऊ दे तशीच.” मी भारतला तुझ्या कडेवर दिलं आणि खड्ड्यात उतरले.

मग आम्ही पुण्याला आलो. काही वर्षांनी तुझी स्वाती झाली. बारशाला मी आले तेव्हा तू मला पोर दाखवायचं सोडून नुसती रडत होतीस. ती वाढताना किती वेळा तापली असेल, किती वेळा तू जागली असशील, आणि मी इथं लांब. दरवेळी वाटायचं, सावड राहिलीच.

आता शेवट. घाबरू नकोस, सगळं ठीक आहे. मी आठवडाभर स्वातीच्या घरी आहे, आणि मांडीवर झोपलीय ती तुझी नात ओवी. तिला फ्लू झाला होता. जावई कंपनीच्या कामावर गुजरातेत, स्वातीची नोकरी नवी, कायम व्हायची आहे. पोरीनं भिवराबाईचीच चूक केली, सकाळी औषध पाजून ओवीला पाळणाघरात सोडलं. दुपारी पाळणाघरातून फोन, घेऊन जा, औषधाशिवाय एक दिवस-रात्र ताप नसेल तेव्हाच आणा. मी ऐकलं आणि म्हटलं, ही जाईबाई पुण्यात कधी आली! स्वातीनं रडतच मला बोलावलं आणि गळ्याची शपथ घातली की आईला सांगायचं नाही, ती छावणी सोडून पळत येईल. म्हणून फोन नाही केला. फोनवर तुला खोकला ऐकू गेला असता. कालपासून औषध नाही आणि अंग गार आहे, सकाळी वरण-भात खाल्ला, माझा चष्मा दोनदा पळवला. उद्या सकाळी ओवी पाळणाघरात जाईल, स्वातीची एकही सुट्टी गेली नाही. काल ती म्हणाली, मावशी, तुमचं कसं फेडू? मी तिला तलावाची गोष्ट सांगितली नाही, ती तू सांग. मला तुलाच सांगायचं होतं. तू म्हणाली होतीस ना, माझ्या घरी कोण आजारी पडणार आहे? पडलं गं छबु. आणि मी इथं होते.

तुझीच,
मनी