वहिनीच्या वाटीतले फुटाणे

दादा,

टेबलावरच्या वाटीला हात लावू नकोस. वहिनीची खुर्ची हलवायचीय, म्हणून शेजारच्या काकांना बोलवायला गेलेय.

मूठभर फुटाण्यांत प्रोटीन, लोह सगळं भरपूर, असं मीच तुला सांगायचे. वहिनीला जाऊन वर्ष झालं, तरी तू संध्याकाळी तिच्या खुर्चीपुढे तिच्या वाटणीचे ठेवतोस. मी कधी हटकलं नाही. पण वाया जायला नकोत म्हणून दुसऱ्या दिवशी जेवणानंतर ते तूच खातोस, आणि दिवसेंदिवस नुसता हाडांचा सापळा होत चाललायस. शेवटी काल आमच्या लॅबमध्ये तपासून घेतले. पुडीतले अगदी चोख निघाले. त्याच पुडीतले तिच्या वाटीत रात्रभर राहिलेले मात्र नुसता भुसा. मीठ सोडलं तर आत काही उरलेलंच नाही.

तेव्हा तिचं उष्टं खाणं आजपासून बंद. भूक लागली तर माझा डबा तसाच आहे, तो खा.

रागावू नकोस, पण मघाशी ती खुर्ची माळ्यावर टाकायला निघाले होते. वेताची खुर्ची, झाडताना मी एका हाताने सरकवायचे. आज दोन्ही हातांनी ओढली, तरी जागची हलली नाही.

— धाकटी