घरातली डॉक्टर सोडून

प्रिय सूनबाई,

समोरासमोर बोलायला जीभ रेटत नाही, म्हणून लिहितेय. तू खाली पेशंट बघते आहेस, तुझ्या मशीनची टकटक वर स्वयंपाकघरापर्यंत येतेय.

टाच वर्षभर दुखत होती. सकाळी पलंगावरून पाय खाली टेकला की खिळा घुसल्यासारखी कळ यायची. तू विचारलंस, "आई, लंगडताय का?" मी म्हटलं, "चप्पल चावतेय." आणि तू फिजिओथेरपीची डॉक्टर घरात असताना गावाच्या दुसऱ्या टोकाला, परक्या दवाखान्यात टाचेवर शॉकवेव्हचा उपचार घेऊन आले. नाव ऐकून वाटलं होतं, विजेचे झटके देत असतील. तसलं काही नव्हतं. गार जेल लावून मशीनचं टोक दुखऱ्या जागी टेकवलं, आणि कोणी हाडावर हातोडी ठोकतंय असं वाटलं. डोळ्यांत पाणी आलं तशी तिथल्या मुलीने विचारलं, "सोबत कोण आलंय?" मी म्हटलं, "घरी कोणी नाही."

ती नेमकी तुझी वर्गमैत्रीण निघाली. तुमच्या लग्नात मला पाहिलेलं. तिने तुला फोन केलाय, हे दार उघडताना तुझ्या चेहऱ्यावरच दिसलं. तू एवढंच म्हणालीस, "दोन दिवस ठणकेल. गुण यायला काही आठवडे जातात." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

खरं सांगू? सगळी उमर लाँड्रीच्या ओल्या फरशीवर उभी राहिले. टाचा अशा फुटल्यात की भेगांतलं काळं घासूनही निघत नाही. तुझे सासरे होते तेव्हाही मी पाय पांघरुणाबाहेर काढत नसे. तुझी ती स्वच्छ बोटं माझ्या टाचेला लागणार, या विचारानेच अंग चोरायचे. त्या पोरीचं काय, ती उद्या दिसणारही नव्हती. तू तर रोज माझ्यासमोर जेवायला बसतेस.

काल तू माझ्या लेकाला म्हणालीस, "आईंना मी परकीच वाटते. आपण वेगळं राहू या." दार उघडं होतं, मी ऐकलं. अगं, परकी असतीस तर एवढी लाजले असते का? आता त्या परक्या दवाखान्यात मी जाणार नाही. हे पत्र तुझ्या टेबलावर ठेवून बाहेरच्या बाकावर बसतेय. शेवटचा पेशंट गेला की मला आत बोलाव. रागावली असशील तर उशिराने बोलाव, मी बसून राहीन.

तुझीच, रांगेत शेवटची,
आई