म्हशीची पावडर, गुळासकट

चिरंजीव डॉक्टरास मावशीचे पोटभर आशीर्वाद. तुझी तब्येत उत्तमच असेल. लग्न ठरलेल्या माणसाची असतेच, पुढचं पुढे बघू. इकडे मी ठीक. तुझ्या काकांची साखर थोडी वर गेली आहे, का ते कळत नाही (घरात गोड म्हणून आता फक्त माझी वाणी उरली आहे). म्हैस मजेत आहे, आणि आज लिहायचंय ते तिच्याबद्दलच.

व्याल्यापासून तिचे पाय लटपटत होते, दूध आटत चाललं होतं, म्हणून तू क्षारांच्या पावडरीचा डबा पाठवलास आणि रोज आंबोणात मिसळून द्या म्हणालास. म्हणायला तुझं काय जातं! पहिल्याच दिवशी तिने घमेल्यात नाक घातलं, माझ्याकडे पाहिलं आणि अशी फुरफुरली की पावडर सगळी माझ्या तोंडावर. पाण्यात कालवली, तर बादली लाथाडली. (दुभत्या गाईच्या लाथा गोड म्हणतात. म्हशीच्या नसतात, मी खाल्ल्या आहेत.) कोंड्यात लपवली, तर कोंडा खाऊन पावडर तेवढी तळाशी ठेवली. इतकं नीट निवडणं मला तांदळातसुद्धा जमत नाही.

शेवटी, ज्यांनी जन्मात चहाचा कप विसळला नाही त्या तुझ्या काकांनी कारभार हाती घेतला. गुळाच्या गोळ्यात पावडर भरायची, ही त्यांची युक्ती. पण त्यांचं म्हणणं, म्हैस संशयी आहे. घरच्या माणसाने आधी समोर बसून खाऊन दाखवलं तरच ती तोंड उघडते. म्हणून हे दोन्ही वेळा गोठ्यात बसून (बिनपावडरीचा) गूळ खातात. गूळ त्यांना कधीचा बंद आहे, तुला ठाऊकच आहे. पण मुक्या जनावरासाठी जिवावर उदार झालोय, असं इतक्या कळवळून म्हणतात की मीच गूळ फोडून देते. गुण मात्र आला. म्हैस ठणठणीत उभी राहते, कास भरते, अंगावर तुकतुकी आली आहे. काकांच्याही.

आता अडचण अशी की, काका मला म्हणतात, "लग्नाला मला हलता येणार नाही, म्हैस उपाशी मरेल, तू एकटी जा." तुझी आई गेल्यावर आम्ही दोघांनी तुला वाढवलं आणि आता मांडवात मी एकटी उभी राहू? मला फार वाईट वाटलं. वरातीमागून घोडं येतं, तशी म्हैसच आणावी असंही मनात आलं. हॉलच्या मागे सावली आहे का ते कळव.

तुझी,
मावशी

ता. क. : सावली बघू नकोस. पत्र लिहून झालं तेव्हा काका गोठ्यातच डुलक्या घेत होते, म्हणून गोळा मी दिला. म्हशीने कुणाची वाट न बघता गिळला. मग नुसती पावडर आंबोणात घालून पाहिली, तीही चाटूनपुसून साफ. मांजर डोळे मिटून दूध पितं, आमचं मांजर गूळ खातंय. यायचं तर त्यांना आहेच, नवा सदरा गुपचूप इस्त्री करून ठेवलाय; पण स्वतःच्याच थापेच्या खुंट्याला बांधले गेलेत. मी बोलले तर भांडण, तू बोललास तर औषध. तेव्हा उलट टपाली डॉक्टरी कागदावर लिही की यापुढे पावडर गुळाशिवाय द्यावी आणि शेजारणीने दिली तरी चालेल. सही ठळक कर. साखर वाढतेय रे त्यांची, मला भीती वाटते.

आणखी एक : आम्ही दोघंही येतोय. लग्नात त्यांच्या ताटात गोड एकदाच वाढायला सांग. तेवढा वेळ मी नवरीकडे बघेन.