मौनाची मुदत दुपारी बारा

सोमवार, ४ मार्च

आला कागद! सतरा पानं. दक्षिणेतली लष्करी मोहीम आणखी एक वर्ष चालू ठेवायची, असं पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत. आणि खरं सांगायचं ते नेहमीप्रमाणे अकराव्या पानावर, चौदाव्या कलमात दडवलेलं — जखमींना हलवण्याची सोय यापुढे "उपलब्ध साधनांनुसार" केली जाईल.

पंधरा वर्षं ब्रसेल्समधल्या आमच्या एस्टोनियाच्या कचेरीत बसून असले कागद वाचतोय. "उपलब्ध साधनांनुसार" म्हणजे साधनं नाहीत. थोरले आपली दोन्ही हेलिकॉप्टरं एक एप्रिलला घरी नेणार आहेत. थोरले म्हणजे युतीतला तो मोठा देश. नाव इथेसुद्धा लिहवत नाही, इतकी सवय झालीय जीभ आवरायची!

आजवर नियम होता — जखमी माणूस तासाभरात सर्जनच्या टेबलावर. आता तळापासून ट्रकने चार तास. वाळूतून.

तिथे आमचे बावन्न जण आहेत. त्यांत मायरेचा ताव्ही. माझा भाचा.

मंगळवार, ५ मार्च

उर्वेबाईंच्या खोलीत गेलो. राजदूत झाल्यापासून त्यांची एक खूण ठरलेली आहे — चष्मा काढून टेबलावर ठेवला की उत्तर "नाही".

चष्मा काढला.

"आर्वो, आपल्या पूर्वेच्या सीमेवर कोणाचे बाराशे सैनिक उभे आहेत?"

"थोरल्यांचे."

"मग त्यांच्याच हेलिकॉप्टरवरून त्यांच्याशीच भांडायचं? या वर्षी?"

म्हणजे असं आहे — ते आमच्या दारात उभे राहतात, म्हणून आम्ही त्यांच्या सांगण्यावरून वाळवंटात उभं राहायचं. याला सामायिक सुरक्षा धोरण म्हणतात. भाषणात काय छान वाटतं! त्यांतली दोन-तीन भाषणं मीच लिहिलीत.

ताव्ही माझा कोण, हे त्यांना माहीत आहे. तेरा लाखांचा देश आमचा, प्रत्येक जण कोणाचा तरी भाचा असतोच. "म्हणूनच तू जरा जास्त सांभाळून राहा," म्हणाल्या. "उद्या लोक म्हणतील, घरच्यासाठी केलं."

गुरुवार, ७ मार्च

मायरेचा फोन, ऐन जेवणाच्या वेळी. वोरूच्या शाळेतल्या स्वयंपाकघरातून बोलत होती, मागे पातेल्यांचा दणदणाट. ताव्हीने नाही, पण त्याच्या तुकडीतल्या कोणाच्या तरी आईने तिला हेलिकॉप्टरांचं सांगितलं होतं.

"मिटिंगमध्ये हात वर कर आणि सांग की हे चालणार नाही!"

"आमच्यात हात वर करत नाहीत गं."

"मग काय करता?"

सांगितलं. कागद येतो. त्यावर तारीख आणि वेळ असते — या कागदावर गुरुवार, चौदा मार्च, दुपारी बारा. तोवर कोणीही लेखी हरकत पाठवली नाही की सगळ्यांचा होकार धरतात. त्याला मौनाची मुदत म्हणतात. एकाने जरी हरकत पाठवली तरी मौन मोडतं आणि कागद परत चर्चेला येतो.

पातेली वाजत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे तुम्ही गप्प बसलात की ते हो?"

"हो."

"आणि याचा तुला पगार देतात?"

लहानपणापासून हिच्यापुढे माझं काही चाललेलं नाही.

"तू मामा आहेस त्याचा," फोन ठेवताना म्हणाली. "एक मेल पाठवायचाय. एक. मी रोज तीनशे पोरांना जेवू घालते, कठीण काय असतं ते मला नको शिकवूस."

शुक्रवार, ८ मार्च

महिला दिन. घरच्या रिवाजाप्रमाणे कचेरीतल्या सगळ्या बायकांना ट्यूलिप दिले. एक आयर्लंडच्या डर्व्हलासाठी कँटीनमध्ये घेऊन गेलो. ती हसली — "हे काय, लाच?"

"हो. चौदाव्या कलमासाठी."

तिचं हसू गेलं. तिचेही तिथे तीस जण आहेत. "लाज वाटण्यासारखं कलम आहे," म्हणाली.

"मोडणार मौन?"

"पहिलं? नाही रे. घरून, मंत्रालयातून सूचना आहे, पहिलं आपण नको. पण तू मोडलंस तर पाच मिनिटांत आमचा मेल मागोमाग."

तेवढ्यात पोर्तुगालचा अमिल्कार थाळी घेऊन आला. तोही तावातावाने — "हे खुनी कलम आहे!" लोक वळून पाहायला लागले. "तू मोड आर्वो, मी तुझ्या पाठीशी आहे!"

"तूच का नाही मोडत?"

त्याने बटाट्यात काटा खुपसला. "घरून सूचना आहे."

दुपारी फोन फिरवले. माल्टा — तेच. स्लोव्हेनिया — तेच. म्हणजे आम्ही पाच देश त्या कलमावर जळफळतोय आणि पाचही जणांना घरून एकच सूचना! सौनात, म्हणजे आमच्याकडच्या वाफेच्या खोलीत, पाहुणे घामाघूम बसलेत आणि दगडांवर पहिलं पाणी कोणी टाकायचं यावर अडून राहिलेत, असं चाललंय आमचं.

सोमवार, ११ मार्च

मी कोणावर हसतोय? आठ वर्षांपूर्वी मीच मोडलं होतं की एकदा. एका परिच्छेदावरून. तिघांनी शब्द दिला होता — तू मोड, आम्ही आहोत. मोडलं. एकही आला नाही! दुपारभर फोनकडे बघत बसलो. संध्याकाळी घरून हुकूम आला, हरकत मागे घ्या. चांगलाच तोंडघशी पडलो. पुढे दोन वर्षं कँटीनमध्ये लोक विचारायचे, "काय आर्वो, आज काय मोडायचा विचार?"

तेव्हापासून कानाला खडा.

मंगळवार, १२ मार्च

ताव्हीचा संदेश:

"मामा, हेलिकॉप्टरवाले सामान बांधायला लागले. त्यांचं कॉफीचं यंत्र आम्हाला देऊन जाणार म्हणतात! आमच्या कॉफीपेक्षा बुटांचं पाणी बरं लागतं. तुम्ही आईला उगाच काही सांगू नका, ती मग शाळेचं जेवण करपवते. आणि तुमच्या त्या कागदांत कुठे कामा पाठवायची सोय असेल तर बघा. इथे न्याहारीला रोज तोच गोड पाव."

कामा मिळतो इथे, स्टेशनजवळच्या दुकानात. भाजलेल्या धान्याचं ते पीठ त्याला ताकात कालवून लागतं. लहानपणी मिशा रंगवून बसायचा. दोन पाकिटं घेऊन त्याला पार्सल केली.

बुधवार, १३ मार्च

घरून सूचना आली. तीन ओळी. "आपण एकटे पडू नये. सोबत असल्यास मौन मोडण्यास हरकत नाही. प्रत्यक्ष परिस्थिती पाहून प्रतिनिधीने निर्णय घ्यावा."

वा! काय लिहितात! कोणाचंच बोट कुठेच लागायला नको. उर्वेबाई उद्या मंत्रीणबाईंबरोबर दौऱ्यावर. म्हणजे प्रतिनिधी मी.

हरकतीचा मेल लिहून ठेवलाय. चार वाक्यं. चौदावं कलम बदला, हवाई सोय होईपर्यंत सैनिक तळाबाहेर नेऊ नका. वाईट नाही लिहिलेला. पाठवायचं बटण तेवढं दाबायचंय.

गुरुवार, १४ मार्च

११.४० — मेल समोर उघडा. अमिल्कारचा फोन. "पाठवलास?"

"तू?"

"मी तुझी वाट बघतोय."

"आणि मी तुझी."

"अरे, तू पाठव ना! मी तयार बसलोय, शपथ घेतो."

"शपथ मागच्या वेळीही घेतली होती."

"तेव्हा मी नव्हतो रे, माझ्याआधीचा होता!"

११.४७ — डर्व्हलाचा संदेश: "काही हालचाल?" मी लिहिलं: "तुमच्याकडे?" तिने लिहिलं: "बघतेय."

११.५२ — एकटा पडलो तर? थोरले दुखावले तर? सीमेवरचे बाराशे... आणि वर लोक म्हणणार, भाच्यासाठी देश पणाला लावला. हे सगळं खरंच आहे. उर्वेबाईंचं काही चुकत नाही.

११.५८ — कोणाचाच मेल नाही.

१२.०० — सचिवालयाची सूचना आली, नेहमीचीच एक ओळ. "कोणतीही हरकत न आल्याने मजकूर मंजूर झाला आहे." सत्तावीस देश एकमताने! आम्ही सगळे मूग गिळून बसलो, त्याला एकमत म्हणायचं.

जेवलो. चिप्स आणि शिंपले. चांगले होते, हे लिहायलाही लाज वाटते.

शुक्रवार, १५ मार्च

मायरेला कळवलं: "प्रयत्न केला, जमलं नाही." प्रयत्न! हा शब्द लिहिताना हात अडखळला नाही माझा.

सोमवार, १ एप्रिल

हेलिकॉप्टरं गेली. ताव्हीने कॉफीच्या यंत्राचा फोटो पाठवला. यंत्राला एस्टोनियाचा झेंडा चिकटवलाय. "आता हेच आमचं हवाई दल!"

कामा पिठाचं पार्सल पोचलं का, विचारायचं राहिलं.

गुरुवार, १८ एप्रिल

सकाळी सव्वादहाला उर्वेबाई स्वतः माझ्या खोलीत आल्या. दार लावलं. चष्मा हातात.

तळापासून ऐंशी किलोमीटरवर गाडीखाली सुरुंग फुटला. दोघे किरकोळ जखमी. ताव्हीच्या मांडीला लागलं. शुद्धीवर होता, बोलत होता. ट्रकमध्ये घातला. तीन तास दहा मिनिटं तग धरला त्याने.

सर्जन काय म्हणाला, ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही. दोघांनाही ठाऊक होतं. रक्त थांबवायचं होतं, बस. तासाभरात कोणीही थांबवलं असतं.

मायरेला मीच फोन केला. शाळेत. पातेली वाजत होती, मग एकेक करून थांबली.

सोमवार, २२ एप्रिल. वोरू

पोराला मातीआड केलं. मंत्रीणबाई आल्या होत्या, थोरल्यांचा एक कर्नलही होता. सगळे नीट वागले.

नंतर घरी मायरे लोकांना वाढत होती. बसायला तयारच नाही. काळा पाव कापता कापता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "तो मेल. कोणीच पाठवला नाही?"

"नाही."

"तूसुद्धा?"

"एकट्याने काही झालं नसतं गं."

तिने मान हलवली. पावाचे तुकडे ताटलीत लावले, वर मासे ठेवले, माझ्यापुढे ताटली सरकवली. "खा," म्हणाली. "लांबचा प्रवास आहे तुला."

ओरडली असती तर बरं झालं असतं. मी खाल्लं.

ताव्हीचं सामान दाराशी होतं. त्यात कामा पिठाचं एक पाकीट, न फोडलेलं.

मंगळवार, २३ एप्रिल

परत कचेरीत. मेज स्वच्छ, पत्रांच्या पेटीत नवा कागद. अर्धं पान. युतीच्या सर्व देशांच्या वतीने शोकसंदेश. ताव्हीचं नाव, हुद्दा, वय सव्वीस. आणि शेवटून दुसरी ओळ: "जखमींना सर्व आवश्यक वैद्यकीय मदत वेळेत उपलब्ध होती."

खाली: मौनाची मुदत उद्या, बुधवार, दुपारी बारा.

उर्वेबाईंकडे नेला. त्यांनी चष्मा काढला, पण या वेळी डोळे पुसले. "मला दिसतंय रे काय लिहिलंय ते. पण शोकसंदेशावर कोणी मौन मोडत नाही, आर्वो. आजवर कोणीही मोडलेलं नाही. घरून परवानगी मिळणार नाही."

"मागितलीच नाही तर?"

त्या काही बोलल्या नाहीत. आमच्या कचेरीत याचा अर्थ काय होतो ते मला माहीत आहे.

बुधवार, २४ एप्रिल

११.३१ ला मौन मोडलं. कोणाला विचारलं नाही, कोणाला सांगितलं नाही. एक वाक्य: ही ओळ खोटी आहे, काढा.

११.३३ — अमिल्कार. ११.३४ — डर्व्हला. ११.३७ — माल्टा. ११.४० — स्लोव्हेनिया.

नऊ मिनिटं लागली सगळ्यांना यायला. १४ मार्चला मेल उघडून बसलो, तेव्हा माझ्या हातात वीस होती.