जे वाक्य मी नाकारलं

मृत्युपत्र

लिहून ठेवणार: विजयमाला बळीराम पाईकराव, वय वर्षे ७१, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, राहणार मौजे सावरदरा, तालुका महागाव, जिल्हा यवतमाळ.

हा लेख मी स्वतःच्या हातानं लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे, चष्मा लावल्यावर नीट दिसतं, आणि तसा फुलसावंगीच्या डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचा दाब नाही. लाज आहे, पण लाजेला कायद्यात दाब म्हणत नाहीत, असं वकिलांनी सांगितलं. यापूर्वी केलेल्या मृत्युपत्रात सगळं मुलाच्या नावे होतं आणि खाली लिहिलेल्यातलं एक अक्षरही नव्हतं. ते मी या लेखानं रद्द करते.

१. माझे पती बळीराम हे एसटीत वाहक होते. ते वारले. आम्हाला एकच मुलगा, राजदीप. तो शिक्षक आहे. गावठाणातलं घर बळीराम यांनी बांधलं, पण नमुना आठचा उतारा आणि कर पावती माझ्या नावे आहे. त्यातल्या मागच्या दोन खोल्या, विहीर आणि परसातली लिंबं राजदीपनं घ्यावीत. पुढची मोठी खोली आणि अंगण यांबद्दल कलम ६ मध्ये लिहिलं आहे. त्यावर त्याचा हक्क राहणार नाही.

२. बँकेत जे काही असेल ते नात पायल हिच्या शिक्षणासाठी. ती काय शिकेल हे तिनं ठरवावं. तिच्या आईनं तिला चित्रकलेच्या वर्गातून काढून शिकवणीला घातलं, हे मला आवडलेलं नाही, आणि सुनबाईला तोंडावर सांगायचं धाडस झालं नाही म्हणून इथं लिहिते.

३. पेटी माझ्या वडिलांची आहे. ते आमच्या भीमगीतांच्या गायन पार्टीत वाजवायचे. एका गावी त्यांच्यावर शेण फेकलं तेव्हा त्यांनी पेटी पुसली आणि तेच कडवं पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. मी तेव्हा नऊ वर्षांची होते, त्यांच्या मागं बसले होते. अशा माणसाची पेटी मी चाळीस वर्षं वापरली, हे पुढचं वाचताना ध्यानात ठेवावं. पेटी पुढच्या खोलीतच राहील.

४. आता जे लिहायचं आहे ते.

सन २०१० च्या पोळ्याला आमच्या गावात आणि बंजारा तांड्यात दगडफेक झाली. कोणाचे बैल आधी निघायचे, एवढ्यावरून. अकरा पोरांवर गुन्हे नोंदले गेले. तांड्यातली मुलं शाळेत येईनाशी झाली. आमच्या बौद्धवाड्यातली मुलं कोणत्याच बाजूची नव्हती, म्हणून ती दोन्हीकडून मार खायची. मी रविवारी दुपारी सगळ्यांना माझ्या अंगणात बोलवायला लागले. शेजारचे धम्मरत्नभाऊ ढोलकी घेऊन येत. मुलं यायची, पण तीन रांगा करून बसायची आणि रांगेबाहेर बघायची नाहीत.

मी एक लहानसं नाटक लिहिलं, त्यात एक प्रेत होतं. आमच्या वाड्यातला एक मुलगा प्रेत झाला. खांदा द्यायला दोन तांड्यातले आणि दोन गावातले उभे केले. कोणी कोणाला शिवायला तयार नव्हतं. शेवटी उचललं. अंगणाच्या मधोमध आले आणि प्रेताला गुदगुल्या झाल्या, चौघंही त्याच्यासकट खाली पडले. त्या रविवारनंतर रांगा राहिल्या नाहीत. एवढं मी चांगलं केलं आणि ते खरं आहे.

सलोनी जीवन आडे ही तांड्यातली मुलगी त्या अंगणात लिहायला शिकली. अक्षरं तिला आधीच येत होती. मी म्हणते ते नाटक लिहायला. तिचे वडील जीवन दारूनं गेले होते. तांड्यात हातभट्टी लागते हे सगळा तालुका बोलायचा, छापे तांड्यावरच पडायचे. सलोनी सोळा वर्षांची असताना तिनं एक नाटक लिहिलं. त्यात पोलीस भट्टीवरच्या बाईला नेतात, मागं गुळाचं रिकामं पोतं उरतं, आणि मुलं त्या पोत्याला विचारतात, "पोत्या, तू कोणाच्या दुकानातून आलास?" आणि पोतं नाव सांगतं.

ते नाव पुंडलिकरावांचं होतं. गावातलं मोठं किराणा दुकान आणि माध्यमिक शाळा चालवणारी संस्था त्यांची होती. सडका गूळ आणि नवसागर त्यांच्या दुकानातून तांड्यात जायचा आणि दारू त्यांच्याच गोदामामागं विकली जायची. हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. सलोनीनं मला विचारलं, "बाई, हे ठेवू का?" मी म्हणाले, "खरं आहे ना? मग ठेव." ते वाक्य मी माझ्या वहीत माझ्या अक्षरात उतरवून घेतलं.

मार्च २०१३ मध्ये ग्रामपंचायतीसमोरच्या पटांगणात आमचा प्रयोग झाला. गावातले तंटे मिटले हे पाहायला तालुक्याहून पाहुणे आले होते. पुंडलिकराव पहिल्या रांगेत होते. सलोनीनंच पोत्याचं काम केलं. तिनं नाव घेतलं.

पुंडलिकराव ओरडले नाहीत. त्यांनी बसल्या जागेवरून विचारलं, "बाई, हे कोणी लिवलं?"

त्या आठवड्यात त्यांच्या संस्थेच्या शाळेत राजदीपच्या नेमणुकीचा कागद निघायचा होता. मी उभी राहिले आणि म्हणाले, "माझ्या वहीत हे नाही. पोरीनं आयत्या वेळी घातलं."

वही माझ्या काखेत होती. धम्मरत्नभाऊ ढोलकीमागून म्हणाले, "बाई, वही उघडा." मी उघडली नाही.

पुंडलिकराव म्हणाले, "लेकरू हाय. माफी मागून टाकू द्या, इषय संपला."

मी सलोनीला म्हणाले, "माग बेटा."

तिनं मला विचारलं, "कोणाची?"

मी बोटानं पुंडलिकरावांकडे दाखवलं. तिनं अंगावरचं पोतं काढलं, हात जोडले आणि माफी मागितली. मग ती माझ्याकडे न बघता तांड्याच्या वाटेनं गेली.

आठ दिवसांत तांड्यावर छापा पडला. सलोनीची शाळा सुटली आणि दिवाळीनंतर ती ऊसतोडीच्या टोळीबरोबर गेली. प्रयोगानंतरच्या रविवारी मी अंगणात सतरंज्या घातल्या. कोणी आलं नाही. त्याच्या पुढच्या रविवारी मी घातल्या नाहीत. राजदीपची नेमणूक त्या मार्चमध्येच झाली.

राजदीपला हे या पावसाळ्यापर्यंत माहीत नव्हतं. मी त्याला वाचून दाखवलं तेव्हा तो चपलेशी खेळत बसला. मग म्हणाला, "आई, नोकरीचं तेवढं वाक्य काढ. शाळेत तोंड दाखवायचं आहे मला." मी काढलं नाही. एकदा वाक्य काढून पाहिलं आहे मी.

५. ती वही लोखंडी कपाटात आहे. ती सलोनीची आहे, माझी नाही. तिला परत करावी. त्याच कपाटात एक सन्मानचिन्ह आहे. दुभंगलेल्या गावाला कलेनं जोडल्याबद्दल ते मला एका संस्थेनं २०१४ साली दिलं. तेव्हा आमचं कलापथक बंद पडून वर्ष होत आलं होतं. मी ते घेतलं, आणि भाषणात प्रेताच्या गुदगुल्यांची गोष्ट सांगून टाळ्याही घेतल्या. ते कोणी भिंतीला लावू नये.

धम्मरत्नभाऊंची ढोलकी त्या प्रयोगाच्या दिवसापासून माझ्याकडे पडून आहे. ते न्यायला आले नाहीत आणि मी नेऊन दिली नाही. बारा वर्षं आमची भिंत एक होती आणि बोलणं नव्हतं. मी लोकांना सांगत असे की ते अडेल आहेत. ते अडेल नाहीत.

६. पुढची खोली आणि अंगण मी सलोनीला द्यायचं ठरवलं आणि या वर्षी मार्चमध्ये पांढरकवड्याला गेले. ती आणि तिचा नवरा हायवेवर ट्रकवाल्यांसाठी जेवणाचा ठेला चालवतात. तिनं मला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि पोळपाटावरचं काम न थांबवता बोलली.

"घर तुझ्या नावानं करायचं म्हणते," मी म्हणाले.

"कायले?"

"त्या दिवसासाठी."

"मले घर नको असं नाही म्हणत मी, बाई. दोन लेकरं हायेत, एका खोलीत राहून राह्यलो. पण तुमच्या घरात राहून लोकांयले काय सांगू? गावाले मी माफी मागलेली पोट्टीच ठाऊक हाय."

"मग मी काय करू?"

तिनं पोळी तव्यावर टाकली. "जिथं मले माफी मागाले लावली, तिथं जाऊन सांगा. तुमी मेल्यावर वकील वाचन, त्याचा मले काय फायदा? तवा तुमी नसान. मी कोणाच्या तोंडाकडे पाहू?"

मी हो म्हणून आले आणि चार महिने गेले नाही. आधी ऊन होतं, मग पेरण्या होत्या. खरं कारण भीती. पुंडलिकराव वारले आहेत, तरीही.

शेवटी १० ऑगस्टला, रविवारी सकाळी, मी त्याच पटांगणात उभी राहून वरचं कलम ४ मोठ्यानं वाचलं. वीस-पंचवीस माणसं होती. सलोनी पांढरकवड्याहून आली होती. तिची आई जमनीबाई आली होती; तिला बसायला सांगितलं तरी ती बसली नाही. धम्मरत्नभाऊ काठी टेकत आले आणि मागं उभे राहिले. वाचून झाल्यावर कोणीतरी म्हणालं, "जाऊ द्या बाई, जुनी गोष्ट झाली."

तेव्हा जमनीबाई बोलली. "मले दोन दिवस ठाण्यात बसवून ठेवलं व्हतं त्या छाप्यात. भट्टी माही नव्हतीच. पोरीनं नाव घेतलं म्हणून नेलं मले. ते काहून नाही वाचलं?"

मी म्हणाले, "लिहायचं राहिलं."

राहिलं नव्हतं. मला ते माहीत होतं आणि मी वगळलं होतं. कबुली देतानासुद्धा मी मला झेपेल तेवढीच दिली. हे मी तिथंच, दुसऱ्यांदा उभी राहून, मोठ्यानं सांगितलं आणि आता इथं लिहिते: छाप्यात जमनी जीवन आडे हिला काही कारण नसताना नेलं गेलं, आणि मी खोटं बोलले नसते तर तिच्या बाजूनं बोलायला निदान एक शिक्षिका तरी असती.

सलोनीनं घर घेतलं नाही. तिचं म्हणणं ऐकून मी असं ठरवते: पुढची खोली आणि अंगण गाव, तांडा आणि बौद्धवाडा इथल्या मुलामुलींना गाणं, नाटक आणि चित्रासाठी कायम मोकळं राहील. ते विकता, भाड्यानं देता किंवा लग्नाला देता येणार नाही. त्याला माझं नाव देऊ नये. तिथलं नाटक किंवा गाणं ज्यानं लिहिलं त्याचं नाव त्याच्या पहिल्या पानावर असावं. लिहिलेल्याबद्दल कोणी जाब विचारला तर त्या दिवशी हजर असलेल्या सर्वांत मोठ्या माणसानं उभं राहून उत्तर द्यावं, मुलांना पुढं करू नये. धम्मरत्नभाऊंना मी ढोलकी घेऊन जा म्हटलं. ते म्हणाले, "राहू द्या तिथंच. चामड्याचं पान बदलून घ्या फक्त, वाजत नाही आता." त्यानंतर ते अंगणात थोडा वेळ बसले. अंमलबजावणीचं काम माझे वकील पाहतील.

७. माझ्या मागं शोकसभा घेऊ नये. घेतलीच तर माझ्या समाजकार्यावर बोलू नये. बुद्धवंदना म्हणावी आणि लोकांना चहा द्यावा.

साक्षीदारांबद्दल: ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्यानं साक्षीला बसू नये, त्यानं संशय येतो, असं वकिलांनी समजावलं. सलोनीनं ते ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे मी घर नाही घेतलं तर मले सही करता येते?" वकील म्हणाले, येते, वही तर तुमचीच परत मिळते आहे. "मंग मले बसू द्या." तिनं सगळे कागद पहिल्यापासून वाचले. इथवरचं मी मोठ्यानं वाचलं तेव्हा ती समोर होती आणि तिनं पूर्ण वेळ माझ्या तोंडाकडे पाहिलं. सहीखाली तिला काही लिहायचं आहे. मी अडवणार नाही.

ठिकाण: सावरदरा. दिनांक: २४ ऑगस्ट २०२५.

लिहून ठेवणार
(सही) विजयमाला बळीराम पाईकराव

वरील लेख लिहून ठेवणार यांनी आम्हा दोघांसमोर वाचला व आमच्यासमोर सही केली.

साक्षीदार
१. (सही) धम्मरत्न खिल्लारे, धंदा रंगकाम, रा. सावरदरा
२. (सही) सलोनी जीवन आडे, धंदा जेवणाचा ठेला, रा. पांढरकवडा

मी साक्षीदार आहे. मी बाईंना माफ केलं असं यावरून कोणी समजू नये. ते मी अजून ठरवलं नाही. बाईंनी सगळं खरं लिहिलं आणि माझ्यासमोर वाचलं, एवढ्यावर माझी सही आहे. पोत्याचं वाक्य मी लिहिलं होतं. — स. जी. आडे